मालकाचं मत

"बाबा, इथं 'मालकाचं मत' असा एक रकाना हाये. काय लिहू?"

दिपाली दारापुढच्या छपरीत भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती आणि मोबाईलवर बापाचा पडून राहिलेला कॅमेरा विकायला काढत होती. वामनराव समोर खुर्चीत होते. चहात बुडवलेला टोस्ट मऊ पडून कपात गळाला होता आणि ते नुसते त्या कपाकडे बघत होते.

"कायचं मत?"

"कॅमेऱ्याचं. घेनाऱ्याले समजलं पाह्यजे ना, वापरनाऱ्याले थो कसा वाटला. याच कॅमेऱ्याबद्दल लोकायनं पाहा किती लिहून ठेवलं. एक जन म्हन्ते, याच्यासारखा कॅमेरा नाई. दुसरा म्हन्ते, फुकट भेटला तरी घेऊ नका."

"मंग त्यातलंच एखादं उतरून टाक."

"मालक तुम्ही आहा ना?"

"लिही, कॅमेरा हाये. फोटो निघते."

दिपालीने रकाना कोरा सोडला आणि पुढचं भरायला घेतलं.

वामनराव काही तिरसटपणाने बोलले नव्हते. वर्षभरात त्यांची सगळीच उत्तरं अशी झाली होती. गेल्या पौषात विमलताई गेल्या, तेव्हापासून त्यांना कशाचं काही वाटेनासं झालं होतं. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो, मग तासभर आपलाच गाल आपला वाटत नाही, चावला गेला तरी कळत नाही; तसं. फरक एवढाच की इथे तो तास संपायचं नाव घेत नव्हता. स्मशानात ते रडले नाहीत, तेरवीलाही रडले नाहीत. लोक म्हणाले, गडी मोठा खंबीर आहे. खंबीर कसला आलाय! पंगत उठल्यावर हा माणूस मांडवाच्या कापडातून किती उजेड खाली येतोय, याचा अंदाज घेत बसला होता. सत्तावीस वर्षं तेच केलं होतं, डोळे आपोआप तेच करत होते.

कळंबला चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'दिपाली फोटो स्टुडिओ' होता. पाटी अजून आहे, खाली मोबाईलचे कव्हर विकतात. त्या स्टुडिओच्या भरभराटीच्या काळात तालुक्यात एक लग्न, एक बारसं, एक निरोपसमारंभ वामनरावांशिवाय झाला नसेल. कित्येक घरांच्या भिंतींवर हार घातलेली जी माणसं आहेत, ती वामनरावांनी काढलेली आहेत. आणि त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर विमलताई होत्या, त्या आधार कार्डावरच्या.

तेरवीच्या आधी घाईघाईत मोठा करून आणलेला फोटो. केंद्रावरच्या माणसाने चष्मा काढायला लावला होता, त्यामुळे डोळे भेदरल्यासारखे. केस ओले, तोंड ओढलेलं. मोठा करताना सगळा चेहरा दाणेदार झाला होता. बाई हयातभर अशी कधी दिसली नव्हती.

येत्या रविवारी वर्षश्राद्ध होतं. दिपाली राजूरहून मुद्दाम चार दिवस आधी आली होती. नवऱ्याला खाणीच्या ऑफिसातून सुट्टी नव्हती, तो रविवारी सकाळी येणार होता. येतानाच ती ठरवून आली होती की हा आधारचा फोटो उतरवायचा आणि आईचा चांगला, तिच्या उमेदीतला फोटो लावायचा. फोटोग्राफरची बायको होती, एक फोटो सापडणार नाही का?

"मोबाईलमध्ये नाईत का तुह्या?" वामनरावांनी विचारलं होतं.

"मोबाईलमध्ये आई तोंडापुढं हात धरे. म्हने, तुह्या बापाजवळ कॅमेरा असून मोबाईलवर कायले? मंग आजारी पडली. आजारपनातले हायेत. ते नाई लावाचे मले."

म्हणून माळ्यावरचे बिस्किटांचे सहा डबे खाली आले होते. डब्यांत निगेटिव्हची पाकिटं, प्रत्येक पाकिटावर विमलताईंचं गोल अक्षर: कोणाचं लग्न, कोणतं गाव, कोणतं साल. प्रिंट कापायचं, निगेटिव्हच्या पट्ट्या करायचं आणि पाकिटं लावून ठेवायचं काम त्यांचंच असे. आता त्यांची मुलगी एकेक पट्टी खिडकीच्या उजेडात धरून एकेका चौकटीत डोळा घालत होती.

दिपालीच्या लग्नाचा अल्बम आधीच पाहून झाला होता. घरचं लग्न, बाहेरचा फोटोवाला कशाला, म्हणून वामनरावांनीच काढलं होतं ते. त्यात विमलताई होत्या. पण कन्यादानाला मान खाली घातलेल्या, पंगतीत पाठमोऱ्या, एका फोटोत तर नुसता बुंदी वाढणारा हात. बांगड्यांवरून ओळखायचा.

"बाबा, माह्या लग्नात बिदाईच्या आधी आईचा एकटीचा काढला होता ना तुम्ही? हिरव्या शालूतला? दारात उभी होती."

"असंन."

"अन् त्या दिवाळीचा? नवी गादी घेतली तवाचा?"

"असंन त्यातच."

नव्हता. त्या डब्यांत विमलताईंचा एकटीचा एकही फोटो नव्हता, हे वामनरावांना जसं स्वतःचं नाव माहीत होतं तसं माहीत होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तीन दिवस पोरगी डोळे फोडत होती आणि हे वाक्य त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं.

याला कारण मारेगावचा फोटोवाला राजकुमार. म्हणजे करणारे वामनरावच, पण शिकवणारा तो.

नव्वदच्या सालात वामनरावांनी नागपूरच्या सीताबर्डीवरून हा कॅमेरा आणला. जपानी, धड उंची नाही धड स्वस्त नाही, मधल्या किमतीचा. त्याच वेळी राजकुमारनेही तोच घेतला आणि पांढरकवड्याच्या एका फोटोवाल्यानेही. रोल धुवायला तिघांना यवतमाळच्या कलर लॅबमध्ये यावं लागे आणि प्रिंट निघेपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर तिघांची मतं ऐकावीत. पांढरकवड्याचा म्हणे, याचा उजेडाचा काटा थंडीत खोटं बोलते. वामनराव म्हणत, काटा बरोबर आहे, तुले पाह्यता येत नाही. एका गोष्टीवर मात्र तिघांचं एकमत होतं: आवाज. बटण दाबलं की आतला आरसा असा आपटे की खटाक! राजकुमार म्हणायचा, "मयताच्या घरी दाबला तं मुडदाबी उठून बसंन, म्हनंन कोन आलं रे."

त्याच बाकड्यावर एके दिवशी राजकुमारने फ्लॅशच्या पाठीवरचं लाल दिव्याचं बारकं बटण दाखवलं. लग्नाला ठरलेले रोल दोन. वरातीतल्या प्रत्येक मावशीला, प्रत्येक आत्याला आपला एक फोटो पाहिजे. नाही म्हटलं तर रुसवाफुगवी. राजकुमार म्हणाला, "कॅमेरा डोयाले लाव, अंगठ्यानं हे बटन दाब. उजेड पडते, मानूस खुश होते, रोल वाचते. खटाक होत नाई, पन बँडात कोनाले ऐकू येते?"

कोणालाच ऐकू येत नसे. सगळेच फोटोवाले हे करत, त्यात कोणाला पाप वाटत नसे. वामनरावांनाही वाटलं नाही. अंगठा तेवढा पटकन शिकला.

मग एका उन्हाळ्यात जवळच्याच खेड्यातल्या लग्नात तानाबाई नावाची म्हातारी आली. नवरदेवाच्या आजीची बहीण. नाकात नथ घालून, पदर नीट करून खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "माहा एकटीचा काढ रे बापा. माह्या मांगं पोराले लावाले होईन." सप्तपदी व्हायची होती, रोलमध्ये चार चौकटी उरल्या होत्या. वामनराव म्हणाले, "आजी, हासा थोडं." म्हातारी हसली. अंगठा बसला. उजेड पडला.

पोळा झाल्यावर तिचा मुलगा स्टुडिओत आला. माय गेली होती. "एकटीचा काढला होता जी तुम्ही. उजेड म्या माह्या डोयानं पाह्यला."

विमलताईंनी त्या लग्नाचं पाकीट काढलं. पट्ट्या पाहिल्या, परत पाहिल्या. मुलगा बाकड्यावर टोपी मांडीवर ठेवून बसून होता. शेवटी वामनराव म्हणाले, "रोलमध्ये उजेड शिरला असंन भाऊ. होते कधी कधी." मुलाने हात जोडले, जाऊ द्या म्हणाला आणि गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर विमलताई पट्ट्या घेऊन बसल्या. निगेटिव्हच्या काठावर एक ते छत्तीस आकडे छापलेले असतात. दोन्ही रोलांचे सगळे आकडे त्यांनी बोट ठेवून वाचले. एकही गळाला नव्हता, एकही चौकट जळाली नव्हती. पाकीट डब्यात ठेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "त्या म्हातारीच्या कोनत्या रोलात शिरला उजेड?"

"असंन कोनत्यातरी," वामनराव म्हणाले.

त्या दिवाळीला विमलताई नवं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. "ऐकता का? माहा एक काढता?" असं त्या कधी म्हणत नसत. वामनरावांच्या कॅमेऱ्यात गिऱ्हाइकाचा रोल होता, दुसऱ्या दिवशीच्या साक्षगंधासाठी राखून ठेवलेला. घरच्या माणसाचं काय, घरचं माणूस घरातच आहे. कधीही काढता येईल. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, तिला जरा डावीकडे सरकवलं, हनुवटी वर घ्यायला सांगितली. आणि अंगठ्याने बटण दाबलं.

तेव्हापासून दर दिवाळीला, अखाजीला, नव्या साडीला. पुढे रोल स्वस्त झाले, गल्लोगल्ली मिळू लागले, तरीही अंगठाच. आता चिकटपणाचाही प्रश्न नव्हता, नुसती सवय. दिपालीच्या लग्नात हिरव्या शालूत विमलताई दारात उभ्या राहिल्या, रडून डोळे लाल झालेले, आणि म्हणाल्या, "आज तरी एक काढा." त्या 'आज तरी'चा अर्थ वामनरावांच्या डोक्यात शिरला नाही. वरात थांबली होती. अंगठा बसला.

एवढ्या वर्षांत विमलताईंनी एकदाही विचारलं नाही की माझा फोटो कुठे आहे, कसा आला. वामनरावांना वाटे, भोळी आहे बिचारी, विसरून जाते.

शनिवारी सकाळी यवतमाळहून मिताली नावाची मुलगी कॅमेरा पाहायला आली. तेवीस-चोवीस वर्षांची, स्कूटीवरून, पाठीला बॅग. वडील कुठल्याशा कचेरीत आहेत, ही नोकरी करते आणि हौस म्हणून जुन्या रोलवर फोटो काढते, असं तिने आल्या आल्या सांगून टाकलं. वामनरावांना नवल वाटायला हवं होतं. जे टाकून जग पुढे गेलं, ते ही पोरगी पैसे देऊन घ्यायला आली होती. त्यांनी नुसती मान हलवली आणि कॅमेरा काढून दिला.

तिने तो दोन्ही हातांनी घेतला, देवघरातली वस्तू घ्यावी तसा. लेन्समधून उजेडाकडे पाहिलं, मागचं झाकण उघडून फुंकर मारली.

"काका, तुम्ही मालकाचं मत लिहिलंच नाही. मी बाकी सगळ्यांची वाचून आले. कोणी म्हणतं मीटर खोटं दाखवतं."

"थंडीत पाह्यनाऱ्याले तसं वाटते."

"तुमचा पडलाय कधी?"

"दोन डाव. एकदा आहेराच्या गर्दीत, एकदा नालीत. चालते."

"बिघडला?"

"नाई."

"म्हणजे चांगला आहे."

"हाये तसा हाये."

मितालीला हसू आलं. तिने कॅमेरा भिंतीकडे रोखला. भिंतीवर आधारच्या विमलताई होत्या, हे तिच्या लक्षात आल्यावर ती ओशाळून दाराकडे वळली आणि बटण दाबलं.

खटाक.

"बापरे! आवाज मोठा आहे म्हणून सगळ्यांनीच लिहिलंय, पण इतका?"

दिपाली चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरातून येत होती. ती दारातच थांबली. वर्षानुवर्षं न ऐकलेला आवाज तिने ऐकला होता. हसल्यासारखं करून ती मितालीला म्हणाली, "माही आई म्हने, तुह्या बापाचा कॅमेरा बोलला तं फोटो. नाई बोलला तं नुसता उजेड."

मितालीला त्यातलं काही कळलं नाही. ती चहा घेऊन कॅमेऱ्यात रोल भरायला बसली. येताना एक घेऊन आली होती, चालवून पाहायला.

वामनराव मात्र खुर्चीत हलले.

"कवा म्हने?"

"नेहमीच म्हने. म्या लहान होती तवापासून."

"म्हंजे तिले..."

"माहीत होतं बाबा. तुमच्याच दुकानात बसे ना थे दिवसभर. आत तुम्ही कोनाचा फोटो काढला अन् कोनाचा नाई, बाहेर बसून सांगे मले."

वामनरावांनी भिंतीकडे पाहिलं नाही. समोरच्या कपाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "मंग उभी कायले राहे?"

 दिपालीने ओढणीने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले.

"म्याबी हेच इचारलं होतं. लग्न झालं, बिदाईच्या टायमाले. तुम्ही उजेड पाडला अन् निंगून गेले. म्या म्हटलं, आई, कायले उभी राह्यतं वं तू दर डाव? तं म्हने..." तिने ओढणी सोडली. "म्हने, तेवढा वेळ तुहा बाप माह्याकडं पाह्यते ना. बाकी दिवसभर त्यायले गावाचीच तोंडं पाहा लागते."

बाहेर देवळाकडे जाणारी एक ऑटो थांबली आणि पुढे गेली. मितालीने रोलचं टोक खाचेत अडकवलं होतं, पण हात तसाच ठेवून ती खाली मान घालून बसली होती. आता तिलाही कळलं होतं.

वामनरावांना वाटलं, आता रडू येईल. वाट पाहिली. आलं नाही. छातीत कुठेतरी नुसतं मुंग्या आल्यासारखं झालं, सुई उतरायला लागल्यावर गालाला येतात तशा.

"मंग तू तीन दिवस काय शोधून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"एखादा बोलला असंन म्हनून. एवढ्या वर्षांत एखाद्या डाव तरी." दिपालीने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "हाये का बाबा त्यात एखादा?"

असंन म्हणायची त्यांची इतक्या वर्षांची सवय. शब्द ओठावर आलाही.

"नाई," वामनराव म्हणाले. "एकबी नाई."

दिपालीने मान हलवली. ती भांडली नाही. खाली बसली आणि खिडकीपाशी पसरलेली पाकिटं सालाप्रमाणे लावून डब्यात भरू लागली. आईच्या अक्षरावर तिचा हात जरा जरा थांबत होता. झाकणं लावून झाल्यावर ती उठून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली, तोंड बाहेर करून.

मितालीने झाकण मिटलं. ती म्हणाली, "काका, फ्लॅश कसा लावायचा तेवढं दाखवता?"

फ्लॅश डब्यात वेगळा होता. वामनरावांनी त्यात नवे सेल घातले, तो कॅमेऱ्यावर सरकवला, बटण चालू केलं. बारीक शीळ वाजली आणि पाठीवरचा लाल दिवा लागला. एवढ्या वर्षांनी लागला. त्यांनी पट्टा मनगटाला गुंडाळला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. हात आपोआप वळले, काच आपोआप फिरली. चौकटीत स्वयंपाकघराचं दार आलं आणि दारात दिपाली.

बाप कॅमेरा रोखतोय हे तिला कळलं. तिने कपाळावरची बट मागे सारली, ओढणी खांद्यावर नीट केली आणि हनुवटी वर घेतली. शिकवावं लागलं नाही. एकोणचाळीस वर्षांची बाई, डोळ्यांखाली काळं आलेली, तीन दिवसांची दमलेली. वामनरावांनी तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. रोज समोर होती, जेवायला वाढत होती, पण पाहिलं नव्हतं.

आणि त्यांचा अंगठा सरकला. त्यांनी सरकवला नाही. तोच निघाला, पाठीमागच्या लाल दिव्याकडे, रोजच्या वाटेने निघालेल्या बैलासारखा. बटणावर जाऊन टेकला. रोल परक्या पोरीचा, चौकट वाया जाईल. अंगठ्याला हे सगळं पाठ होतं.

दिपाली उभी होती. पापणी लवत नव्हती. ती बघत नव्हती, ऐकत होती.

वामनरावांनी अंगठा उचलला. तो हवेत कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो कॅमेऱ्याच्या बुडाखाली दाबून धरला आणि तर्जनीने बटण दाबलं.

खटाक. उजेड पडला.

"बोलला," दिपाली म्हणाली, आणि दारातच तोंडाला ओढणी लावून रडायला लागली.

वामनरावांनी कॅमेरा खाली केला. पट्टा मनगटावरून सोडवायला वेळ लागला. तो मितालीच्या गळ्यात घालून ते म्हणाले, "एक चौकट तुह्यी गेली पोरी."

"काका, असं काय बोलता!" ती घाबरीघुबरी झाली होती. "हा... हा तुम्ही नका विकू. तुमच्याकडेच राहू दे."

"नाई. घेऊन जाय. इथं ठेवला तं माह्या अंगठ्याच्या हाती राहीन थो. फक्त त्या एकाची कॉपी पाठवजो, बस."

"लगेच पाठवीन." तिने बॅग उचलली, पुन्हा ठेवली. "काका, आणि मत? तेवढं सांगा ना. मी माझ्यापुरतं लिहून ठेवते."

 वामनरावांना बाकड्यावरचे तिघे आठवले. आता दोघे नव्हते.

"लिही, आवाज लय मोठा हाये," ते म्हणाले. "आम्ही सारे त्याले खोड म्हनत होतो. दुरुस्त करू नको."

मिताली स्कूटीवरून गेली. तिचा आवाज देवळाच्या वळणापर्यंत येत होता.

रविवारी वर्षश्राद्ध झालं. जावई आला, शेजारपाजारचे आले. भटजींनी फोटो मागितला तेव्हा दिपालीने भिंतीवरचा आधारचाच उतरवून पाटावर ठेवला, काच ओल्या फडक्याने पुसली आणि शेवंतीचा हार घातला. बदलायचं काही कोणी बोललं नाही. जेवणं झाली, माणसं पांगली, जावई छपरीत आडवा झाला. घरचे दोघेच जेवायचे राहिले होते.

वामनरावांनी फोटो उचलून पुन्हा खिळ्याला लावला. एक बाजू खाली होती, ती वर केली. मग एक पाऊल मागे आले, आणखी एक मागे आले. चष्मा नसलेल्या, ओल्या केसांच्या, भेदरलेल्या विमलताई त्यांच्याकडे बघत होत्या. खिडकीचा उजेड डावीकडून येत होता आणि काचेवर चमकत होता, म्हणून ते जरा उजवीकडे सरकले. आता दिसत होत्या. हात दोन्ही रिकामे होते, ते त्यांनी पाठीमागे धरले.

"बाबा, ताट वाढलं," आतून दिपालीने हाक मारली.

"हाव, येतो," ते म्हणाले आणि तेवढा वेळ विमलताईंकडे बघत उभे राहिले.